गुडघ्याची लिगामेंट फाटल्यापासून मैदानात परतेपर्यंत

कबड्डीत चढाई करताना पाऊल मातीत रोवलेले राहते, अंग वळते, गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होतो आणि काही तासांतच गुडघा टम्म सुजतो. अशा वेळी अनेकदा सांध्याच्या मध्यभागी असणारी एसीएल ही लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा चिवट पट्टा, फाटलेली असते, आणि घरचे मात्र तेल गरम करायला घेतात. पहिले दोन-तीन दिवस मालीश आणि शेक दोन्ही टाळावेत.

प्रथम हाड मोडले आहे का, हे पाहावे. चार पावलेही टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात वाकत नसेल, वाटीवर किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खालच्या हाडाच्या टोकावर दाबल्यास दुखत असेल, अथवा वय 55 किंवा अधिक असेल, तर एक्स-रे काढावा. पाऊल थंड किंवा बधिर पडल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

त्यानंतर सूज उतरवावी. क्रेप बँडेज बांधावे, पाय उशीवर उंच ठेवावा आणि लंगडत चालण्यापेक्षा कुबड्या घ्याव्यात. कापडात गुंडाळलेला बर्फ 10-15 मिनिटे लावल्याने वेदना कमी होते, पण त्याने जखम लवकर भरते असे समजू नये. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची हे सूत्र 1978 मध्ये मांडणारे अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनीच पुढे बर्फाबाबतचे आपले मत बदलले. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

सूज उतरवण्यावर इतका भर देण्याचे कारण केवळ वेदना नव्हे. सुजलेल्या सांध्यातून जाणाऱ्या संदेशांमुळे मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला आवरून धरते. कितीही जोर लावला तरी तो पूर्ण आवळला जात नाही आणि काही आठवड्यांत मांडी बारीक दिसू लागते. म्हणून फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने लवकरच टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, गुडघा खाली दाबत, मांडी पाच सेकंद आवळण्याचा व्यायाम सुरू करावा. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपणे सुखाचे वाटते, परंतु त्या सवयीने पाय पूर्ण सरळ होणे अवघड होते.

पुढे अर्ध्या बैठका, पायरी चढणे, मग वजन, असा भार वाढवावा. व्यायामात 10 पैकी 5 पर्यंतची वेदना सहसा चालते. दुसऱ्या सकाळी ती ओसरलेली नसेल किंवा सूज वाढली असेल, तर भार कमी करावा.

शस्त्रक्रियेची घाई प्रत्येकाला आवश्यक नसते. स्वीडनमध्ये 121 तरुणांवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधी व्यायाम करून गरज पडल्यासच शस्त्रक्रिया करणाऱ्यांची स्थिती दोन वर्षांनी लगेच शस्त्रक्रिया करणाऱ्यांइतकीच होती. मात्र मेनिस्कस (गुडघ्यातील गादीसारखी कूर्चा) फाटून गुडघा अडकत असेल, तर निर्णय वेगळा होऊ शकतो.

शस्त्रक्रिया झाली असल्यास नऊ महिन्यांपूर्वी सामना खेळू नये. 2016 च्या एका अभ्यासात त्या मुदतीपर्यंत परतणे लांबवल्यास, लांबवलेल्या दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटलेले दिसले. मुदत संपली तरी मांडीची ताकद आणि एका पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या किमान 90 टक्के भरेपर्यंत सरावच करावा, मग स्पर्धा तोंडावर आलेली का असेना.