शिताचं पोट फुटेपर्यंत: लाल तांदळाची पेज आणि भात

माझं माहेर साताऱ्याकडचं. लग्न होऊन कुडाळजवळच्या घरात आले तोवर तांदूळ म्हणजे इंद्रायणी नाहीतर आंबेमोहर एवढंच मला ठाऊक होतं. पहिल्याच आठवड्यात घरचा लाल तांदूळ नेहमीसारखा धुऊन, दुप्पट पाणी घालून, तीन शिट्ट्यांवर उतरवला. पानात वाढला तर दाणा चावताना दाताखाली टचटचत होता. सासूबाई रागावल्या नाहीत. भात परत टोपात ओतून गरम पाणी घातलं आणि म्हणाल्या, "घाय करू नको गो, शिताचा पोट फुटाक व्हया." हा तांदूळ शिजवायचं सगळं शिक्षण त्या एका वाक्यात आहे.

एक दाणा दाताने तोडून बघा. बाहेर विटकरी लाल आणि आत पांढरा. रंग फक्त वरच्या कोंड्यात असतो. गिरणीत पॉलिश केलं की तो कोंडा जातो आणि त्याच्याबरोबर लाली, चव आणि बराचसा कसही. इथे फक्त वरचं तूस काढलेलं असतं. कोंडा पाणी चटकन आत जाऊ देत नाही, म्हणून या तांदळाला भिजणंही जास्त लागतं आणि वेळही.

घेताना विचारून घ्या, सुरय की उकडा? सुरय म्हणजे भात नुसतं वाळवून भरडलेलं. उकडा म्हणजे भात तुसासकट उकडून, उन्हात वाळवून मग भरडलेलं. उकडताना कोंड्यातलं बी-१ जीवनसत्त्व थोडं दाण्याच्या आत मुरतं आणि दाणाही घट्ट होतो, त्यामुळे कितीही शिजला तरी त्याचा चिखल होत नाही. पेजेला उकडाच हवा. सिंधुदुर्गात वालय, बेळा अशी जुनी लाल भातं आहेत. मिळाली तर जरूर घ्या.

आधी पेज, कारण तिच्यातच हा तांदूळ खरा कळतो. एक वाटी उकडा तांदूळ निवडून दोनदाच धुवा, चोळू नका. तासभर भिजवा. उंच टोपात आठ वाट्या पाणी उकळत ठेवा आणि उकळी फुटली की तांदूळ वैरा. पहिली दहा मिनिटं आच मोठी, मग मध्यम. फेस वर येतो तेव्हा टोपावर लाकडी डाव आडवा ठेवला की उतू जात नाही. झाकण पूर्ण लावू नका. पाणी कमी वाटलं तर गरमच घाला, गार पाण्याने शिजणं अडतं. पाऊण तासाने एक शीत बोटात दाबून बघा. कोंडा मधोमध उभा चिरलेला, आतलं पांढरं बाहेर डोकावतंय आणि दाबल्यावर मध्ये कणी लागत नाही, म्हणजे झालं. मीठ आत्ता घाला. गॅस बंद करून पंधरा मिनिटं झाकून ठेवा. वरचं पाणी तांबूस आणि किंचित दाट होतं, त्याला निवळ म्हणतात. ती ओतून देणं मला बघवत नाही. आमच्याकडे तापातून उठलेल्याला पहिल्यांदा निवळच देतात, मिठाचा खडा घालून.

पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा, नाहीतर खाराची कैरी. उन्हाळ्यात फणसाची भाजी. फार पदार्थ लागत नाहीत.

रोजच्या भातासाठी सुरय चालतो. रात्री भिजत घाला, निदान सहा तास तरी. एका वाटीला तीन वाट्या पाणी, चमचाभर तूप. कुकरला मध्यम आचेवर पाच शिट्ट्या, मग अगदी बारीक आचेवर दहा मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या, शिट्टी उचलून काढलीत तर मधली कणी तशीच राहते. नवा तांदूळ असेल तर पाणी अर्धी वाटी कमी. कुकरऐवजी टोपात भरपूर पाण्यात शिजवून वेळून काढला तर जास्त मोकळा होतो. वेळलेलं पाणी आमटीत घाला.

त्यावर वालाचं बिरडं किंवा तिखट माशाची आमटी छान जुळते. साधं वरण मला त्यावर फिकं वाटतं. आणि लाल आहे म्हणून कितीही खावा असं मुळीच नाही, शेवटी तो भातच आहे. पोट मात्र पटकन भरतं, म्हणून पहिल्यांदा शिजवताना नेहमीपेक्षा थोडा कमी घ्या.

साठवताना एवढं लक्षात ठेवा, कोंड्यात तेल असतं, त्यामुळे हा तांदूळ पांढऱ्यापेक्षा लवकर खवट होतो आणि किडीलाही आवडतो. वर्षाचा भरून ठेवू नका. मी ठाण्यात दोन महिन्यांपुरताच आणते, डब्यात तमालपत्राची चार पानं टाकते आणि पावसाळ्यात उरलेला फ्रिजमध्ये ठेवते. डबा उघडल्यावर जुन्या तेलासारखा वास आला तर तो तांदूळ शिजवू नका, कितीही धुतला तरी तो वास जात नाही.