बेळगाव-खानापूरच्या पावसात लॅव्हेंडर कसं टिकवावं

लॅव्हेंडर पाण्यावाचून सहसा मरत नाही. आपल्याकडे ते मरतं पावसाळ्यात. भूमध्य समुद्राकाठी उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात, आपल्याकडे नेमकं उलटं. म्हणून जून ते सप्टेंबर मुळांशी पाणी थांबू न देणं हेच खरं काम.

नर्सरीत दातेरी पानांचं 'डेंटाटा' मागा. दमट हवा ते बऱ्यापैकी सोसतं. इंग्लिश लॅव्हेंडरला कडक थंडी लागते, ते घेऊ नका.

दिवसाला किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडा. पागोळ्या पडतात तिथे अजिबात नको. जमिनीवर आधी वीतभर दगड-विटांचे तुकडे पसरा. त्यावर दोन भाग बारीक मुरूम किंवा जाड वाळू, एक भाग माती आणि अर्धा भाग कुजलेलं शेणखत यांचा दीड फूट उंच, उतरता ढीग करा. मोठे दगड एक तृतीयांश मातीत गाडा, म्हणजे पहिल्याच पावसात ढीग वाहून जात नाही. खानापूरकडची तांबडी माती आम्लधर्मी असते. चौरस मीटरला मूठभर चुनखडीची पूड मिसळा. अथणी, चिकोडीकडच्या काळ्या मातीत चुना मुळातच असतो, तिथे ती टाकू नका. तिथे खड्डा खणून लावायचंही टाळा: चिकण मातीतला खड्डा म्हणजे पाणी साठवणारी टाकीच.

दसऱ्यानंतर, पाऊस पुरता ओसरला की दोन-दोन फुटांवर रोपं लावा. खोडाचा बुंधा मातीत दबू देऊ नका. भोवती शेणखताऐवजी बारीक खडी पसरा. पहिला महिना चार-पाच दिवसांनी लिटरभर पाणी पुरे, पुढे माती बोटभर खोल कोरडी झाल्यावरच.

पानं माना टाकतात आणि माती मात्र ओली असते, तेव्हा मुळं कुजू लागलेली असतात. अशा वेळी माणसं आणखी पाणी घालतात आणि झाड जातं. पाणी लगेच थांबवा. पाला भरपूर पण फुलं नाहीत, तर खत जास्त झालंय किंवा ऊन कमी पडतंय.

वळीव सुरू झाला की मिरगाआधी हिरव्या फांद्या एक तृतीयांश छाटा, म्हणजे झुडपात वारा खेळतो. पानं नसलेल्या लाकडापर्यंत कात्री नेऊ नका, तिथून फुटवा क्वचितच येतो. कुंडीतली झाडं या दिवसांत पडवीत, पण उजेडात ठेवा.

तीन-चार वर्षांत झाड बुडाशी उघडं पडतं. त्याआधीच ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलं नसलेल्या चार इंची शेंड्यांची खालची पानं काढून ते ओलसर जाड वाळूत खोचा. मुळं धरायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर सावली हवी.