थंडी पडायच्या आत मरळीला टेप लावा

कोजागिरी होऊन गेली. भंडारा-गोंदियाकडच्या बोड्यांवर, म्हणजे छोट्या तळ्यांवर, पहाटे वाफ दिसायला लागली आहे. ज्यांच्या बोडीत किंवा शेततळ्यात मरळ आहे त्यांनी बाकीची कामं बाजूला ठेवून येत्या आठ-दहा दिवसांत एकच काम उरकावं: मासे काढून मोजावेत. एकदा पाणी 20 अंशांच्या खाली गेलं की मरळीला हात लावायचा नाही. तेव्हा झालेली साधी खरचटही भरून येत नाही, तिथूनच व्रण रोग धरतो. म्हणजे आत्ता मोजलं नाही तर थेट फेब्रुवारीत, आणि तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

काय होतं ते सांगतो. दहा गुंठ्यांचं शेततळं, श्रावणात सोडलेली 2000 बोटुकली (बोटाएवढी पिल्लं). मालक कष्टाळू, खाद्य एक दिवस चुकवलं नाही. पोत्यावरच्या तक्त्यात ‘इतक्या दिवसांनी इतकं वजन’ लिहिलेलं होतं, त्यावर भरवसा ठेवून तो खाद्य वाढवत गेला. मेलेला मासा एकही तरंगला नाही, म्हणून तो निश्चिंत होता. पुढं मासे कमी दिसायला लागले तेव्हा चोरीचा संशय आला आणि रात्रीची राखण बसवली. मार्चमध्ये तळं उपसलं तर 540 मरळी निघाल्या. त्यातल्या वीसेक दीड-दीड किलोच्या, बाकीच्या मनगटापेक्षाही बारीक. एका मोठीचं पोट त्याच्यासमोरच फाडलं. आत वीतभर लांबीची मरळ होती, डोक्याकडून गिळलेली, खवलंसुद्धा शाबूत. चोर तळ्यातच होते.

हे मी एकाच तळ्यात पाहिलेलं नाही. मरळ आपल्या निम्म्या लांबीचं पोर सहज गिळते. म्हणून सरासरी वजन किती हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, सगळ्यात लांब मरळ सगळ्यात आखूड मरळीच्या किती पट आहे. दीडपटीच्या आत असेल तर ठीक. दीडपटीच्या वर गेली की मोठ्या वेगळ्या काढायच्या. दुप्पट असेल तर खाणं सुरू झालेलंच आहे, त्याच दिवशी जाळं टाका. गोणीत भरून काट्याला लावलं की हा फरक दिसत नाही, तो टेपच दाखवते.

मोजायला महागडं काही लागत नाही. चार इंची पीव्हीसी पाइपचा दोन फूट तुकडा उभा चिरायचा, एका टोकाला झाकण ठोकायचं, आत शिंप्याची टेप चिकटवायची. झाली पन्हळ. ती ओली करायची, मरळ आत घालून तोंड झाकणाला टेकवायचं आणि डोळ्यांवर ओलं फडकं टाकायचं. अंधार झाला की ती दोन-तीन श्वास स्वस्थ पडते, तेवढ्यात आकडा घ्यायचा. कटल्यासारखी हिची शेपूट दुभंगलेली नसते, गोल असते, त्यामुळं तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सरळ लांबी मिळते. हात कोरडे नकोत. अंगावरची बुळबुळ हेच तिचं चिलखत.

मासे कुठून धरता त्यालाही महत्त्व आहे. खाद्य टाकायच्या जागी पाग (फेकजाळं) फेकला तर धष्टपुष्ट मरळीच हाती लागतात आणि तळं भरात आहे असं वाटतं. चारही कोपऱ्यांतून, गवताच्या कडेनं, मिळून किमान 30 ते 40 मासे घ्या. आधल्या संध्याकाळपासून खाद्य बंद ठेवा. भरल्या पोटाची मरळ जाड दिसते आणि हाताळताना ओकते.

आता वजन. मरळीचं वजन लांबीच्या घनाच्या हिशेबानं वाढतं. लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या, लांबी गुणिले लांबी गुणिले लांबी करा, येईल त्याला 0.008 ते 0.009 नं गुणा, ग्रॅम मिळतात. ढोबळ आकडे असे:

20 सेंमी – 65 ते 70 ग्रॅम
25 सेंमी – 125 ते 140
30 सेंमी – 215 ते 245
35 सेंमी – 345 ते 385
40 सेंमी – 510 ते 575
50 सेंमी – 1000 ते 1125

वीस सेंटिमीटरची मरळ चाळीसची झाली की वजन आठपट होतं. लांबी दहा टक्के जास्त वाचली तर वजन तेहतीस टक्क्यांनी जास्त धरलं जातं. म्हणून लांबी वितीनं किंवा डोळ्यांच्या अंदाजानं घ्यायची नाही.

दुसरी चूक मी शिकल्या-सवरल्या पोरांनाही करताना पाहतो. सगळ्या माशांची सरासरी लांबी काढतात आणि तिचं वजन काढतात. 20 आणि 40 सेंमीच्या दोन मरळी घ्या. सरासरी लांबी 30, म्हणजे वजन 230 ग्रॅम. प्रत्येकीचं वेगळं काढलं तर 68 आणि 544, सरासरी 306. एवढा फरक! आधी प्रत्येक माशाचं वजन काढा, मग सरासरी.

लांबीवरून जाड-बारीक कळत नाही, त्यासाठी घेर घ्या. छातीच्या परांच्या लगेच मागं, जिथं अंग सगळ्यात जाड तिथं ओला दोरा एकदा गुंडाळायचा. आवळायचा नाही, टेकेल एवढाच. मग दोरा टेपवर धरायचा. लांबी गुणिले घेर गुणिले घेर, भागिले 28. समजा लांबी 36 आणि घेर 17, तर 10,404 भागिले 28, म्हणजे साधारण 370 ग्रॅम. हा 28 काही कुठल्या शासन निर्णयातला नाही, तो माझ्या वहीतला आहे. वेगवेगळ्या तळ्यांवर मला 26 ते 30 मिळाला. तुमचा आकडा तुम्ही काढा: दहा मरळी काट्यावर खऱ्या तोला, प्रत्येकीच्या गुणाकाराला तिच्या ग्रॅमनं भागा, दहांची सरासरी घ्या. पुढच्या वर्षीही तो कामी येतो. मोबाइलवरचे हिशेब बहुतेक इतर माशांचे असतात, ते मरळीला लावू नका. बियाण्यात फुलमरळ मिसळून आली असेल तर तिची नोंद वेगळी ठेवा, तिचा बांधा वेगळा. आषाढात गाभोळीनं भरलेल्या मादीचा घेरही फसवतो, ती हिशेबात धरू नका.

डोकं मोठं आणि मागचं अंग काठीसारखं दिसलं, वजन लांबीच्या घनाच्या 0.007 पटीपेक्षाही कमी आलं, तर मासा उपाशी आहे. अशा वेळी दुकानदार वाढीचं टॉनिक, जेल, आतड्यासाठीची पावडर काढून देतो. घेऊ नका. टॉनिक पाजून लहान मरळ मोठीच्या तोंडातून सुटत नाही. तोच पैसा मोठ्या मरळी वेगळ्या ठेवायला दोन हाप्यांवर, म्हणजे पाण्यात बांधायच्या जाळीच्या पेट्यांवर, घाला.

खाद्याचा हिशेबही इथंच चुकतो. 2000 मासे, 300 ग्रॅमचे, असं धरून तीन टक्क्यांनी रोज 18 किलो पडतं. प्रत्यक्षात असतात 1400 मासे, 180 ग्रॅमचे. त्यांना साडेसात किलो पुरतं. वरचं दहा किलो रोज तळाशी कुजतं. पाणी गार होईल तसं खाद्य निम्म्यावर आणा, 18 अंशांच्या खाली बंद. माझा अनुभव असा की वीस मिनिटांनी दाणे तरंगताना दिसले तर त्या दिवशी तिची भूकच नाही.

मोजणीच्या दिवशी:
– सकाळी ऊन आल्यावर काम, दुपारपर्यंत संपवणे
– लांब, मध्यम, आखूड असे तीन ढीग
– परत सोडण्याआधी लिटरला 30 ग्रॅम मीठ, 1 मिनिट बुडवणे
– पाऊण किलोच्या वरच्या लगेच विकणे
– हाप्यांना वरूनही जाळी. मरळ उडी मारते
– वहीत तारीख, लांबी, घेर, पाण्याचं तापमान

मोजताना अंगावर लाल चट्टा किंवा खोल जखम दिसली तर तो मासा परत टाकू नका. व्रण रोग भारतात 1988 मध्ये आला, आणि मरळ त्याला सगळ्यात आधी बळी पडते. तो अॅफॅनोमायसिस नावाच्या बुरशीसारख्या जिवामुळं होतो, पाणी गार झालं की पसरतो. शिफारस हेक्टरी 200 किलो चुन्याची आहे, म्हणजे दहा गुंठ्यांना 20 किलो, दोन हप्त्यांत. पाण्याचा सामू (pH) साडेआठच्या वर असेल तर चुना नको. रोग लागलाच तर भुवनेश्वरच्या सिफा संस्थेचं सिफॅक्स हे औषध एक हेक्टर क्षेत्र, एक मीटर खोलीला 1 लिटर, म्हणजे दहा गुंठ्यांच्या मीटरभर खोल तळ्याला 100 मिली. ‘जोरात रोग आहे, दुप्पट टाका’ असं कोणी म्हटलं तरी दुप्पट टाकायचं नाही. बोअरचं पाणी असेल तर पहाटे तास-दोन तास सोडा, रात्री गारठलेल्या तळ्यापेक्षा ते उबदार असतं.

पन्हळ बनवायला अर्धा तास लागतो आणि चाळीस मासे मोजायला दोन माणसांना एक सकाळ. येत्या रविवारी ते करा. हवामान खात्यानं थंडीची लाट सांगितली असेल तर रविवारचीही वाट पाहू नका.