जर्मनीत मास्टर्ससाठी अर्ज: आधी काय, नंतर काय

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिक्षणशुल्क घेत नाहीत. भरायचा असतो तो सेमिस्टरचा हप्ता, साधारण 100 ते 400 युरो, आणि अनेक शहरांत त्यातच बस-ट्रामचा पासही येतो. अपवाद मात्र आहेत. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात (हायडेलबर्ग, श्टुटगार्ट, कार्ल्सरूहे, फ्रायबुर्ग) युरोपीय संघाबाहेरच्यांना 2017 पासून दर सेमिस्टरला 1,500 युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात 2024 च्या हिवाळी सत्रापासून नव्याने येणाऱ्यांना मास्टर्ससाठी दर सेमिस्टरला साधारण 4,000 ते 6,000 युरो पडतात. खाजगी विद्यापीठांचं शुल्क वेगळंच. यादी करतानाच हा रकाना भरा.

पैशांपेक्षा जास्त विद्यार्थी अडतात ते कागदांच्या क्रमात. हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. 15 जुलै ही सर्वांच्या कानावर असलेली तारीख, पण युरोपबाहेरच्यांसाठी अनेक अभ्यासक्रमांची मुदत मार्चमध्ये किंवा मेमध्येच संपते. म्हणून आदल्या वर्षीच्या सप्टेंबरलाच कामाला लागा.

पहिला कागद एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा तपासणीनंतर मिळणारा दाखला. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर 2022 पासून व्हिसासाठी ते बंधनकारक आहे, शुल्क 18,000 रुपये. शेवटच्या वर्षात असलात तरी हातात असलेल्या सेमिस्टरच्या गुणपत्रकांवर अर्ज करता येतो. आपल्याकडचा नेहमीचा घोळ नावाचा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, शिवाय आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर मांडणी वेगळी. क्रमाचा फरक सहसा चालतो, पण स्पेलिंग वेगळं असेल किंवा लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून आधीच जोडा. नंतर खुलासा मागवला की आठवडे जातात.

दुसरी गोष्ट गुणांचं रूपांतर. जर्मनीत 1 सर्वोत्तम आणि 4 म्हणजे काठावर पास. सूत्र असं: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागा, 3 ने गुणा, 1 मिळवा. दहापैकी 8 सीजीपीए आणि पास होण्याची मर्यादा 4 असेल तर उत्तर 2.0. पण ती मर्यादा 5 धरली गेली तर त्याच गुणांचे 2.2 होतात, आणि 2.0 ची अट असलेला अभ्यासक्रम हातचा जातो. म्हणून किमान उत्तीर्ण ग्रेड स्पष्ट लिहिलेलं पत्र आपल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून शिक्क्यासह घ्या. या एका पत्रासाठी दोन खेपा पडल्या तरी चालतील.

त्यासोबत शिक्का मारलेला पूर्ण अभ्यासक्रमही घ्या. प्रवेश समिती पदवीचं नाव पाहत नाही, कोणत्या विषयाचे किती क्रेडिट झाले ते मोजते. यांत्रिकीचा विद्यार्थी डेटा सायन्सला नाकारला जातो तो बहुधा गणित-संगणकाचे क्रेडिट कमी पडल्यामुळे. तीन वर्षांच्या बीएस्सीला काही विद्यापीठं पूर्ण पदवी मानत नाहीत. अर्जाआधी ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा.

अनेक विद्यापीठं युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या सामायिक संस्थेमार्फत अर्ज घेतात: पहिल्या अर्जाला 75 युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला 30. तपासणीला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे मुदतीच्या आठवड्यात अर्ज टाकलात आणि एक पान कमी निघालं तर दुरुस्तीला वेळच उरत नाही.

प्रवेशपत्र आलं की ब्लॉक्ड खातं, म्हणजे व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं. सप्टेंबर 2024 पासून वर्षाला 11,904 युरो दाखवावे लागतात आणि तिथे पोहोचल्यावर महिन्याला 992 युरो सुटतात. पाठवताना मधल्या बँका शुल्क कापतात आणि रक्कम पाच-दहा युरोंनी कमी पोहोचली तरी खात्याचा दाखला मिळत नाही. थोडी जास्तच पाठवा. शिवाय घराचं डिपॉझिट मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत असू शकतं, ते 992 मधून निघत नाही. पहिल्या महिन्याची ती रक्कम वेगळी ठेवा.

आरोग्य विम्याबाबत घाई नको. तीस वर्षांखालच्यांना सरकारी विम्याचा विद्यार्थी दर मिळतो. स्वस्त म्हणून खाजगी विमा घेऊन सरकारीतून सूट घेतलीत तर शिक्षण संपेपर्यंत परत फिरता येत नाही.

शिकताना वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी जर्मन शिका. पुण्यात आणि मुंबईत मॅक्स म्युलर भवनाचे वर्ग आहेत. बी-1 ही जर्मन भाषेची मध्यम पातळी गाठून गेलात तर अर्धवेळ कामाचे पर्याय कितीतरी वाढतात.

वसतिगृहासाठी प्रवेशपत्र मिळाल्या दिवशीच अर्ज करा, प्रतीक्षायादी लांब असते. खोली घेताना घरमालक राहत्या पत्त्याचा लेखी दाखला देणार का, हे आधी विचारा. त्याच्याशिवाय नगर कार्यालयात पत्त्याची नोंद होत नाही, आणि ती नोंद नसली की बँक खातं आणि पुढे राहण्याचा परवाना, दोन्ही अडतात.