पॅटर्न विसरलेला टॅब आणि त्यातली आजी

आमच्या काळाचौकीच्या घरात कपाटाच्या खालच्या खणात बाबांचा जुना टॅब पडून होता. सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब २, सात इंची, सिम घालून फोन करता यायचा तो. २०१३ च्या मे महिन्यात बाबा तो घेऊन गावी गेले होते, मालवणजवळ. आजी पडवीत जात्यावर बसून ओव्या म्हणत होती आणि बाबांनी समोर बसून तिचा व्हिडिओ काढला. आजी गेल्यावर तिचा आवाज असलेली तेवढी एकच गोष्ट उरली, आणि ती या टॅबमध्ये अडकलेली. लॉक उघडायला ठिपके जोडून काढायचा पॅटर्न कुणालाच आठवत नव्हता. बाबांना विचारलं तर म्हणाले, "गो, माका नाय आठवत."

तो व्हिडिओ मी बाहेर काढला. कसा काढला ते नीट लिहून ठेवते, कारण असा एखादा टॅब पुष्कळ घरांत आहे.

पहिलं सांगायचं ते दुकानाबद्दल. आमच्या वहिनीचा टॅब असाच लॉक झाला होता. तिने तो एका मोबाइल रिपेअरच्या दुकानात दिला. "ताई, सॉफ्टवेअर मारून देतो, पाच मिनिटांत लॉक उघडेल." लॉक उघडलं. आत काहीच नव्हतं. माझ्या भाच्याचे पहिल्या वाढदिवसापर्यंतचे सगळे फोटो गेले. वहिनी त्या दुकानाच्या पायरीवर बसून रडली ते मी पाहिलं आहे. सॉफ्टवेअर मारणं, फ्लॅश मारणं, हार्ड रिसेट करणं, नावं वेगळी असली तरी बहुतेक वेळा अर्थ एकच असतो, की टॅब दुकानातून नवा आणला तसा कोरा होतो. म्हणून दुकानात "लॉक उघडून द्या" असं म्हणूच नका. "मला आतल्या फाइली हव्यात, टॅब उघडला नाही तरी चालेल" असं म्हणा. आवाज कमी-जास्तची आणि पॉवरची बटणं एकत्र दाबून जो काळा मेनू येतो, त्यातल्या 'वाइप डेटा' या ओळीकडे घरातल्या कुणालाही जाऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट, काच पुसू नका. वर्षानुवर्षं धूळ बसलेला टॅब हातात आला की आपण आधी तो पदराने नाहीतर ओढणीने पुसतो. थांबा. रोज त्याच रेषेवरून बोट फिरलेलं असतं आणि त्या बोटाचा तेलकट माग काचेवर राहतो. टॅब बंद असताना खिडकीजवळ तिरका धरा, किंवा अंधारात मोबाइलची टॉर्च काचेच्या अगदी कडेने मारा. आमच्या टॅबवर खाली उतरत गेलेली एक पुसट रेष दिसली, पण पुढे ती कुठे वळते ते कळेना. तरी एवढ्यानेही पुष्कळ पर्याय कमी होतात.

आता चार्जिंग. या टॅबला मायक्रो यूएसबी लागत नाही, सॅमसंगची जुनी रुंद चपटी तीस पिनांची केबल लागते आणि ती घरात कुठेच नव्हती. शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेले. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं, तरी विचारताना लॅमिंग्टन रोडच विचारा. चौथ्या दुकानात मिळाली. घेताना एक विचारून घ्या, "डेटा केबल आहे ना?" काही केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात. त्यांनी टॅब चार्ज होतो, पण कॉम्प्युटरला दिसत नाही, आणि माणूस उगाच टॅब बिघडला असं समजतो.

चार्जिंगला लावण्याआधी टॅब टेबलावर सपाट ठेवून बघा. पाठ फुगली असेल, काच एका कडेने उचलली गेली असेल, टॅब डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगलेली आहे. ती चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. आधी बॅटरी बदलून घ्या. बॅटरी बदलल्याने फाइली जात नाहीत. पाठ सपाट असेल तर भिंतीवरच्या प्लगमध्ये, दोन अँपिअरच्या अडॅप्टरवर लावा. लॅपटॉपच्या पोर्टवर हे टॅब फार रडतखडत चार्ज होतात. वर्षानुवर्षं उपाशी असलेली बॅटरी पहिला तास-दीड तास काहीच दाखवत नाही. आमचा रात्री अकराला लावला आणि पहाटे बॅटरीचं चित्र उगवलं.

टॅब चालू करण्याआधी बाजूची छोटी झडप उघडून मेमरी कार्ड आहे का पाहा. लॉक टॅबला असतं. साध्या पद्धतीने वापरलेल्या कार्डाला नसतं. टॅब पूर्ण बंद असताना कार्ड काढायचं, कार्ड रीडरमध्ये घालायचं आणि लॅपटॉपला लावायचं. मुंबईच्या दमट हवेत कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो. कार्ड उघडलं नाही तर त्या पट्ट्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसा. आणि कॉम्प्युटरने "फॉरमॅट करू का?" विचारलं तर नाही म्हणा. एक अपवाद आहे. अँड्रॉइड ६ पासून कार्डाला टॅबचीच आतली मेमरी म्हणून जोडता येतं. तसं जोडलेलं कार्ड त्या टॅबबाहेर वाचता येत नाही, ते परत त्यातच घालून ठेवा.

आमच्या कार्डावर गणपतीचे, बारशाचे, बाबांच्या निवृत्तीचे फोटो निघाले. आजी नव्हती. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये साठवणीची जागा 'डिव्हाइस' अशीच राहून गेली होती, म्हणजे व्हिडिओ टॅबच्या पोटात. केबल लावून पाहिली तर लॅपटॉपवर टॅबचं नाव आलं, आत रिकामं. पॅटर्न उघडल्याशिवाय तो फोल्डर दाखवत नाही. रिकामं दिसलं म्हणून फाइली गेल्या असं समजू नका.

मग टॅब बाबांच्या हातात दिला. समोर बसून "आठवा, आठवा" करत राहिलं की माणसाला काहीच आठवत नाही. ते पूर्वी जिथे बसून पेपर वाचायचे त्याच खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि मी आत गेले. डोकं विसरतं ते बोटांना पुष्कळदा आठवतं. बाबांनी चार-पाच वेळा काढून पाहिलं. नाही उघडलं. केलेला प्रत्येक प्रयत्न कागदावर लिहून ठेवा. नऊ ठिपके फोनच्या आकड्यांसारखे धरायचे, वरची ओळ १-२-३, मधली ४-५-६, खालची ७-८-९. नाहीतर तेच तेच पुन्हा काढलं जातं. आणि प्रयत्न मोजून करा, कारण काही टॅब आणि आयपॅडमध्ये ठराविक चुका झाल्या की सगळं पुसून टाकायची सेटिंग असते. घरातल्या लहान मुलांच्या हातात तर देऊच नका.

पाच चुका झाल्या, तीस सेकंद थांबायला सांगितलं आणि खाली एक नवं बटण आलं, 'फरगॉट पॅटर्न?' अँड्रॉइड ४.४ पर्यंतच्या यंत्रांत ही सोय होती, ५.० पासून काढून टाकली. ती पॅटर्नसाठीच असते, पिन किंवा पासवर्ड ठेवला असेल तर हे बटण येत नाही. ते दाबलं की टॅबवरचा जीमेल पत्ता आणि पासवर्ड विचारतो. बरोबर दिला की नवा पॅटर्न काढायला सांगतो, आणि आतलं सगळं जसंच्या तसं राहतं.

आमची खरी लढाई इथे झाली. लॉगिनला इंटरनेट हवं, आणि लॉकच्या बाहेरून वायफाय जोडता येत नाही. घरातला राउटर मध्यंतरी बदललेला. सिम घालून बघितलं, तर टॅब ३जी चा आणि आमच्याकडचं सिम फक्त ४जी वर चालणारं. दोन दिवस मी त्या बटणाकडे बघत बसले होते. मग सुचलं की टॅबला जुनं वायफाय अजून आठवत असणार. माळ्यावरून जुन्या राउटरचा खोका काढला, त्याच्या बुडाच्या चिकटपट्टीवर नाव आणि पासवर्ड होता. माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला तेच नाव दिलं, तोच पासवर्ड दिला, अक्षर न् अक्षर, लहान-मोठी लिपीसुद्धा तशीच. हॉटस्पॉटचा बँड २.४ गीगाहर्ट्झ ठेवला, सुरक्षा डब्ल्यूपीए२. आयफोन असेल तर फोनचं नावच बदलावं लागतं आणि 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' चालू करावं लागतं. मोबाइल टॅबशेजारी ठेवला. मिनिटभरात टॅबच्या कोपऱ्यात वायफायची खूण उमटली. मी बाबांना हाक मारली ती अख्ख्या मजल्याने ऐकली असेल. टॅबचं घड्याळ २०१२ दाखवत होतं, तेही आपोआप सरळ झालं. घड्याळ चुकीचं राहिलं तर लॉगिन अडतं, तेवढं पाहून घ्या.

पासवर्ड बरोबर टाकला तरी टॅब नाकारत होता. कारण बाबांच्या खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलेलं, आणि इतक्या जुन्या यंत्राला ओटीपी विचारताच येत नाही. यावर उपाय आहे, ॲप पासवर्ड. दुसऱ्या फोनवर बाबांच्या गूगल खात्यात जाऊन सोळा अक्षरी ॲप पासवर्ड तयार करायचा, आणि नेहमीच्या पासवर्डच्या जागी तो टाकायचा. तो एकदाच दिसतो, म्हणून लगेच कागदावर उतरवा. मी वाचत गेले, बाबा एकेक अक्षर दाबत गेले. टॅब उघडला.

हे काम पुढे ढकलू नका. फार जुन्या अँड्रॉइडवरचं लॉगिन गूगल बंद करत आलं आहे. २.३.७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांवर ते २७ सप्टेंबर २०२१ पासून बंद झालं. शिवाय दोन वर्षं अजिबात न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून काढून टाकण्यात येऊ लागली आहेत. टॅब सापडायच्या आधी निदान त्या खात्यात एकदा लॉगिन करून ठेवा.

उघडल्यावर दुसरं काहीही करू नका. अपडेट नको, साफसफाई नको. केबल लावा, कॅमेऱ्याचे फोटो-व्हिडिओ ज्यात असतात तो डीसीआयएम फोल्डर अख्खा लॅपटॉपवर घ्या, मग पेन ड्राइव्हवर. व्हॉट्सॲप असेल तर त्याच्या फोल्डरमधला 'मीडिया' फोल्डरही घ्या, त्यातले फोटो आणि व्हिडिओ साध्या फाइली असतात. मग लॅपटॉपवर प्रत्येक व्हिडिओ चालवून बघा, नुसतं नाव दिसलं म्हणजे फाइल धड आहे असं नाही.

आजीचा व्हिडिओ साडेसहा मिनिटांचा निघाला. जात्याची घरघर, मध्येच कोंबडी, आणि आजी ओवी थांबवून बाबांना सांगते, "पुढे बस, उन्हात कित्याक बसलंस." बाबांनी तो तीनदा लावला आणि मग चष्मा काढून ठेवला.

नव्या टॅबची गोष्ट वेगळी. अँड्रॉइड ६ पासूनच्या बहुतेक नव्या यंत्रांत आतली मेमरी कुलूपबंद लिपीत असते आणि तिची किल्ली तुमच्या पिनशी बांधलेली असते. चिप काढून वाचली तरी अर्थ लागत नाही, त्यामुळे "चिप काढून डेटा देतो" म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. तिथे फाइलींची दुसरी प्रत शोधायची. त्या खात्याने गूगल फोटोज आणि ड्राइव्ह कॉम्प्युटरवर उघडा. जुन्या लॅपटॉपवर सॅमसंगच्या स्मार्ट स्विचचा किंवा आयट्यून्सचा बॅकअप आहे का बघा. आयपॅडचा पासकोड गेला तर तो पुसल्याशिवाय उघडत नाही, मग आयक्लाउड किंवा कॉम्प्युटरवरचा बॅकअप हाच आधार. आणि बोटाच्या ठशाने टॅब अजून उघडत असेल तर तो बंद किंवा रीस्टार्ट होऊ देऊ नका, रीस्टार्ट झाला की पिन मागतोच. आधी चार्जिंगला लावा, उघडा आणि फाइली काढून घ्या. काच फुटून स्पर्श चालत नसेल पण पिन माहीत असेल, तर ओटीजी जोडणीने, म्हणजे टॅबला यूएसबीची वस्तू लावता येईल अशा छोट्या जोडणीने, साधा माउस लावा, बाण दिसतो आणि पिन दाबता येते.

मी हे बाबांच्या समोर, त्यांना विचारून केलं. दुसऱ्याचा टॅब त्याला विचारल्याशिवाय उघडू नका. माणूस हयात नसेल तर जवळच्या नातेवाइकांना मृत्यूच्या दाखल्यासह गूगलकडे त्याच्या खात्यातल्या मजकुरासाठी अर्ज करता येतो. पासवर्ड मात्र ते कुणालाच देत नाहीत.

नवा पॅटर्न बाबांनीच काढला. मी तो आकड्यांत, ठिपक्यांचं चित्र काढून, जीमेलच्या पत्त्यासह एका पाकिटात घातला. पाकीट रेशनकार्डाच्या फायलीत आहे, आणि ती फाइल कुठे असते ते वहिनीलाही सांगून ठेवलं आहे.