टांझानियात, दार-एस-सलाममध्ये नवे आहात? आधी अंगणातलं पाणी बघा

बॅगा उघडायच्या आधी मच्छरदाणी टांगा. कुकर, मसाले, देव्हारा सगळं नंतर. मी उलट केलं आणि तिसऱ्याच आठवड्यात आडवी झाले. डोंबिवलीत लहानपणी मलेरिया होऊन गेलेला, त्यामुळे मला काय होतंय, हा माज होता. इथला मलेरिया बहुतेक फॅल्सिपेरमचा, म्हणजे सगळ्यात घातक जातीच्या जंतूचा असतो आणि तो अंगावर काढायचा नसतो.

मुंबईत मलेरियाच्या डासाची पैदास गच्चीवरच्या टाक्यांत, म्हणून आपली नजर सवयीने वर जाते. इथे खाली बघा. इथल्या गॅम्बिये डासाला उन्हातलं उथळ, स्वच्छ पाणी लागतं: गेटपुढची चाकोरी, बांधकामाचा खड्डा, भाजीच्या वाफ्यांमधली सरी. मार्च ते मे मासिका, म्हणजे मोठा पाऊस. ऑक्टोबर ते डिसेंबर वुली, म्हणजे छोटा. पाऊस उघडला की पांढऱ्या वाटीत डबक्यातलं पाणी घेऊन उजेडात धरा. अळ्या पाण्याच्या वरच्या थराला चिकटून आडव्या पडलेल्या दिसल्या तर मलेरियाच्या. डोकं खाली करून लोंबत असतील तर दुसऱ्या डासांच्या. त्यांनाही ठेवू नकाच. अंड्याचा डास व्हायला दीड आठवडाही पुरतो, म्हणून फेरी दर आठवड्याला. आमचा घरमालक वर्षभर 'उद्या, उद्या' करत राहिला. शेवटी आस्कारीला, म्हणजे वॉचमनला, हाताशी धरून मीच चाकोरीत मुरूम टाकून घेतला. मुरमाला इथेही मुरमच म्हणतात, तेवढंच बरं वाटलं.

गवत कापल्याने डास संपत नाहीत, पण गवताखालचं डबकं दिसतं.

शेजारणी किवुंबासीच्या फांद्या खिडकीत ठेवतात, संध्याकाळी धुमसत्या निखाऱ्यावरही टाकतात. ही आपल्या तुळशीची चुलतबहीण, वासावरून लगेच ओळखाल. कडुनिंब इथे म्वारोबाइनी, म्हणजे चाळीस रोगांवरचं औषध. धूर मीही करते, पण तो असतो तोवरच कामाचा, आणि हा डास जास्त चावतो तो मध्यरात्रीनंतर, धूर विरल्यावर. घरात दमेकरी किंवा तान्हं असेल तर धूर नकोच. मच्छरदाणी मात्र औषध लावलेली घ्या आणि कडा गादीखाली खोचा. नुसती लोंबती ठेवली तर डास आत आणि तुम्हीही आत.

ताप आला की त्याच दिवशी बोट टोचून तपासणी करा, पॅरासिटामॉलवर दोन दिवस काढू नका. सुट्टीत पुण्या-मुंबईला गेल्यावर ताप भरला, तर डॉक्टर विचारायच्या आधीच सांगा, 'आफ्रिकेतून आलोय.'