गाइडच्या सावलीतून बाहेर पडताना

पीएचडी झाली, बेळगावातल्या कॉलेजात नोकरी लागली, तरी शोधनिबंधावरचं गाइडचं नाव काही सुटत नाही. ही तक्रार मीही केलीय. पण प्रश्नच त्यांचा असेल तर नाव त्यांचं येणारच.

म्हणून आधी प्रश्न बदला. तंत्र शिकलेलंच ठेवा, विषय हाताशी असलेला घ्या. पाणी तपासायला मी धारवाडात शिकलो. पण मलप्रभेचा उगम आमच्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीला. तिकडच्या विहिरी पाहुण्यांच्या परड्यातल्या, म्हणून तिथलंच पाणी तपासायला घेतलं. एका पानावर लिहा: काय शोधायचंय, गाइडच्या कामाहून वेगळं काय, वर्षात काय हाती येईल. ते पान स्वतः जाऊन त्यांना दाखवा. चोरून केलेलं पुढं अंगाशी येतं.

मग पैसे. आधी कॉलेजकडून थोडे मागा, त्यातून आलेले आकडे घेऊन अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या नवोदितांसाठीच्या योजनेला अर्ज करा.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला एका वेळी ४ पीएचडी विद्यार्थी घेता येतात. मिळतात म्हणून घेऊ नका, दोघं पुरेत. माझ्याकडं एक खानापूरचा, एक गोकाकची. पाण्याचे नमुने आणायच्या पहिल्याच फेरीत दोघांनी बाटल्यांवर गावांची नावं लिहिली, एकानं मराठीत, एकीनं कन्नडमध्ये, आणि तीही स्केचपेननं! बर्फाच्या डब्यात शाई उतरली. १८ बाटल्या मोरीत ओतल्या. चूक माझी, कसं लिहायचं ते मी सांगितलंच नव्हतं. आता चिकटपट्टीवर पेन्सिलीनं फक्त आकडा. तोच आकडा वहीत, शेजारी तारीख, वेळ, सही.

दर सोमवारी अर्धा तास बसा. आधी विद्यार्थ्यांना बोलू द्या, तुम्ही शेवटी. आणि भाषेकडं लक्ष ठेवा. आपण बेळगावचे लोक बोलता बोलता मराठीवर घसरतो, मग गोकाकची मुलगी मान खाली घालून वही चाळत बसते. मला हे कळायला दोन महिने लागले. माझं कन्नड मोडकंतोडकं, पण तिला तेवढंही पुरलं.

निबंधावर कुणाचं नाव कितवं, हे नमुने आणायला निघण्यापूर्वीच ठरवा आणि वहीत लिहा. काम बदललं तर क्रमही बदलेल, हेही त्यातच लिहा. नंतरची भांडणं फार वाईट, दोस्त्या तुटतात.

मसुदा झाला की जुन्या गाइडना वाचायला द्या. नाव आभारांत, लेखकांत नाही. आमच्या सरांनी दोन स्वल्पविराम दुरुस्त केले आणि विचारलं, ‘चहा घेणार?’